एक जूनची मुलं

५ जुलै १९९३, धुळे
पीएच.डी.चा आज खरा श्रीगणेशा. विषय : 'खानदेशातील बालपण'. रजिस्ट्रेशनला तीन वर्षं झाली, पण ती चिंतनात गेली. मोतीलाल सर (माझे गाइड, जळगाव) म्हणतात, बालपण कधी सुरू होतं आणि कधी संपतं तेवढं आधी ठरवा. दिवाळीपूर्वी पहिलं प्रकरण दिलं नाही तर रजिस्ट्रेशन रद्द.
उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

६ जुलै, सकाळी ८.४०
चिंतन झोपेतही चालतं.

२ ऑगस्ट
शिंदखेडा तालुक्यातल्या एका शाळेत जाऊन आलो. मुलांना विचारलं, बालपण म्हणजे काय? मुलं पुस्तकं चाळायला लागली. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, हाई पुस्तकमा नई शे."
मुलांचा नाद सोडला. हेडमास्तर भिकन गुरुजींकडून मुलांच्या नावांचं नि जन्मतारखांचं जनरल रजिस्टरच उतरवून आणलं. मुलांपेक्षा कागद बरे.

१८ ऑगस्ट
शोध लागला! दोनशे बारापैकी एकशे नव्वद मुलं एक जूनला जन्मलेली. पुन्हा मोजली. एकशे ब्याण्णव.
बायकोला सांगितलं. कुंदा म्हणाली, बाई गं, त्या दिवशी सुइणींचे काय हाल होत असतील!
तिला शास्त्र कळत नाही.

३ सप्टेंबर
जून-जन्म सिद्धांत तयार. नऊ महिने मागे गेलं की येतो सप्टेंबर. निंदणी संपलेली, कापूस वेचणीला अवकाश. माणसं निवांत. तक्ता चार रंगांत काढला.
भिकन गुरुजींना कार्ड टाकून त्यांचं मत विचारलं होतं. उत्तर आलं : ही तारीख चालत नसेल तर कळवावे, दुसरी टाकून देऊ.
आस्था आहे, पण जाण नाही.

२२ ऑक्टोबर
जळगावला सरांपुढे तक्ता उलगडला. सर बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, भारावले. मग त्यांनी फायलीतून माझाच अर्ज काढला. जन्मतारीख : १ जून १९५२. म्हणाले, घरी जा, आईला विचारा. मुदत आता मिळणार नाही.
येताना एरंडोलपर्यंत सरांचा राग येत होता. पारोळ्यानंतर एस.टी.त नुसतं रडू आलं.

२३ ऑक्टोबर
आईला विचारलं. म्हणाली, "तू पोयाना दुसरा दिन व्हयना. साल कोनले माहीत?" पोळा म्हणजे श्रावण अमावास्या; जून नव्हेच.
शाळेत घालताना गुरुजी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान धरता आला की सहा पूर्ण, तारीख एक जून. "तुना हात पुरे नही. मंग मास्तरनी तुनी मान वाकाडी करी."
म्हणजे मी सहाचाही नव्हतो. पाचचा? चारचा? माझं मलाच माहीत नाही. म्हटलं, आई, वर्षभर थांबली असतीस तर?
"मी निंदाले जाऊ का तुले संभाळू?"

मग खोलीत येऊन डोक्यावरून हात नेऊन पाहिला. आता पुरतो. कान धरून तसाच बसून राहिलो. कुंदा आत आली, म्हणाली, हे काय चाललंय?
म्हटलं, अभ्यास.