सूडाचं एलएलएम

२८ एप्रिल. बेलापूर, ऑफिस.
सुधीर सर आज क्लायंटसमोर म्हणाले, आशुतोष झेरॉक्स मात्र छान काढतो. तीन वर्षं त्यांच्याकडे ज्युनियर वकील म्हणून राबलो, त्याची ही किंमत. हसलो. पण सोडणार नाही. एक वर्षाच्या एलएलएमला पुण्यात आणि बंगळुरूत सीट मिळालीय. सरांना जास्त झोंबेल ते शहर घ्यायचं.

३० एप्रिल.
पुण्यात सरांचे मेहुणे. माझी प्रगती रोज कानावर जाईल. जळतील.
बंगळुरू लांब. फाइल सापडली नाही की फोन करतील, मी उचलणार नाही. तडफडतील.
अभ्यासक्रम अजून वाचलेले नाहीत.

२ मे.
शेजारच्या ऑफिसातली संघमित्रा म्हणाली, आधी सीट कन्फर्म कर, सूड नंतर उगव. तिला सूडातलं काही कळत नाही. कन्फर्मचं बटण सरांच्या केबिनमध्ये, त्यांच्यासमोर दाबणार.

५ मे.
कोर्टाला उन्हाळी सुट्टी. सर सहकुटुंब दापोलीला. मुद्दाम गेले.

९ मे.
बंगळुरूची शेवटची तारीख. सर नसताना बटण दाबून काय उपयोग? युनिव्हर्सिटीला मुदत अर्ज मेल केला. ‘न्यायहितार्थ’ वगैरे सगळं घातलं. पहिल्या अर्जाला पुढची तारीख कुणीही देतं.

१२ मे.
सीट दुसऱ्याला दिली म्हणे. माझं म्हणणं न ऐकताच. उद्धट शहर. बरं झालं, पुणेच. आईने विचारलं, तिथलं तरी पक्कं केलंस ना. म्हटलं, कायद्यातलं तुला समजणार नाही.

१५ मे.
पुण्याचीही तारीख आज. सर दापोलीत आंबे खातायत. पुन्हा मुदत अर्ज. या वेळी सोबत ॲफिडेव्हिट.

१९ मे.
पुण्याचं उत्तर: अशी पद्धत नाही.
हरकत नाही. आता राजीनामाच देत नाही. वर्षभर सरांच्या डोळ्यांसमोरच बसणार. खरा सूड हाच.

९ जून.
कोर्ट उघडलं. सर पेढे घेऊन आले. आईने मागच्याच महिन्यात फोनवर सांगितलं होतं त्यांना, आशुतोष शिकायला चाललाय. म्हणाले, माझं एलएलएम राहून गेलं रे, तू तरी कर. डोळे भरून आले होते त्यांचे. मला कुठे बघावं कळेना.
माझ्या टेबलावर आजपासून संघमित्रा. माझी अडवणूक नको म्हणून सरांनी लगेच माणूस शोधला.
पुणे ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मेहुण्यांचा पत्ता दिला, खोली मिळेपर्यंत तिथेच राहा म्हणाले.
घरी आलो तर आईने बॅग भरायला घेतलेली. कुठे जायचं ते आता ठरवायला हवं.