खिडकीतला कान

३ मार्च, मंगळवार

काय झालं ते सरळ लिहिते.

१. रेकॉर्डचं कव्हर पूर्ण काळं. त्यावर चित्र नाही, अक्षर नाही. उजवीकडे फक्त एक चौकोनी खिडकी कापायची.
२. आतल्या पाकिटावर पेटलेला दिवा छापलाय. पाकीट आत सरकवलं की तो खिडकीत दिसायचा.
३. कापायच्या डायचं, म्हणजे साच्याचं, रेखाटन मी केलं – पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूने. डायवाला बाहेरून कापतो.
४. खिडकी नव्वद मिलिमीटर सरकून डावीकडे आली. सगळ्या कव्हरांवर!
५. खिडकीत दिवा नाही. काळोख.

प्रेसचे मालक एवढंच म्हणाले, "शुक्रवारी गायिकाबाई येतायत. त्यांना नको असेल तर सगळं रद्दीत." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

४ मार्च, बुधवार

कव्हर ज्याच्या कल्पनेतलं, तो चित्रकार आला. कव्हर उलटसुलट करून पाहिलं. मग – "कव्हर म्हणजे घर, दिवा म्हणजे गाणं, मॅडम! रेकॉर्ड बाहेर काढली की घर अंधारतं. गाणं घर सोडून निघालं! काय गेलं कळतंय का?"

म्हटलं, "नव्वद मिलिमीटर."

हसला नाही. मीही विनोद केला नव्हता.

५ मार्च, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत पाकीट उलटं घालून पाहिलं. मागे वादकांचा मोठा फोटो आहे. खिडकीत – कान! भलामोठा, केसाळ, एकटा कान. व्हायोलिनवाल्या काकांचा. मी एकटीच खो खो हसले. मशिनवाले वळून बघायला लागले.

चित्रकाराला बोलावून दाखवलं.

"हे काय?"

"कान."

"ते दिसतंय हो!"

मग मी बोलत सुटले. दिवा स्वतःकडे बघायला लावतो. कान काही मागत नाही, ऐकतो. घर बंद वाटतं, पण आत कुणीतरी कान देऊन बसलंय. रेकॉर्ड काढली की कानही जातो – म्हणजे आता ऐकायची पाळी आपली.

हे मी! प्रतीकं म्हणजे रिकामटेकड्यांच्या गप्पा म्हणणारी मी!

तो टेबलाच्या कडेवर बसून ऐकत होता. "नमुन्याची रेकॉर्ड रोज घरी लावतोय, तरी हे मला कसं सुचलं नाही?" चिडून म्हणाला. पण डोळे चिडलेले नव्हते.

बाईंचं मात्र सांगता येत नाही.

६ मार्च, शुक्रवार

बाई आल्या, सोबत काका. बाईंनी पाकीट बाहेर काढलं, आत सारलं, पुन्हा काढलं. मग त्यांनी काकांचं डोकं बाजूला वळवलं, कान नीट पाहिला आणि हसत सुटल्या. "अगं बाई, हा तर आपलाच कान!"

काका म्हणाले, "जन्मभर सगळ्यांच्या मागे बसून वाजवलं. कव्हरवर आलो तो आज, आणि तोही कानापुरता! निदान केस तरी कापले असते."

"एक केस कापाल तर बघा!" बाई म्हणाल्या. "कव्हर हेच राहील."

मालकांनी स्वतः चहा ओतला. काकांनी कव्हर छातीशी धरलं होतं, खाली ठेवेनात.

जाताना काकांनी मला विचारलं, "पोरी, रेकॉर्ड ऐकलीस का गं?"

कडा तपासल्या, घडी तपासली, शाई तपासली. ऐकली नाही. घरी प्लेअरच नाही. म्हटलं, "अजून नाही."

७ मार्च, शनिवार

आई – "एकटीच काय हसतेस?" म्हटलं, "काही नाही." – "मग हे 'काही नाही' रोज असू दे."

८ मार्च, रविवार

चित्रकाराला निरोप पाठवला. खोडून खोडून उरला तो असा:

"रेकॉर्ड मी अजून ऐकलेली नाही. पुढच्या रविवारी दुपारी तुमच्याकडे येऊन ऐकायची आहे. कव्हर मी आणेन. कामाचं काही नाही. बुधवारपर्यंत कळवा."