कडी फक्त आतून

मी, पुस्तकबांधणी करणारी, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्या डोक्यावर शंका घेणारा निघेलच, म्हणून डॉक्टरबाईंचा आजच्या तारखेचा दाखला सोबत जोडला आहे.

१. वडिलांनी माझ्या नावावर केलेले हे घर. ते लाटण्यासाठी धाकट्या भावाने मला मनोरुग्णालयात टाकले. आई नुकतीच गेली होती, मला झोप नव्हती, मी एकटीच बडबडत असे, हे खरे. उपचार हवे होते. नऊ वर्षे नको होती.

तिथे मला रुग्णांच्या फायली शिवायला बसवले. सातव्या वर्षी माझीच फाईल हाती आली. दुसऱ्याच वर्षीचा शेरा होता, "बरी आहे, घरी सोडण्यास हरकत नाही." खाली भावाच्या अक्षरात, "नेण्यास असमर्थ." मी जाब विचारला, तर मोठे डॉक्टर म्हणाले, "फाईल वाचायला तुला कुणी सांगितलं?" चार दिवस कोंडून ठेवले.

पुढे नवा कायदा आला, तपासणी मंडळ आले. त्यातल्या याच डॉक्टरबाईंनी विचारले, "तुम्हाला इथं राहायचंय का?" हे मला तोवर कोणी विचारलेच नव्हते. मी "नाही" म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतले, आणि महिन्याभरात मी बाहेर आले. घरासाठी मात्र दोन वर्षे कोर्टात भांडावे लागले.

बऱ्या होऊनही ज्यांना न्यायला कोणी येत नाही, अशा बायकांना हे घर राहायला द्यावे. व्यवस्था माझा घराचा खटला लढवलेल्या वकीलबाईंनी पाहावी. अट एकच, कोणत्याही खोलीला बाहेरून कडी बसवायची नाही.

२. दाभण, कात्र्या, दाबयंत्र माझ्यासोबत सुटलेल्या मुकीला. ती मुकी नाही. तिथे बोलून उपयोग नव्हता, म्हणून गप्प असे. आता ऐकवत नाही इतकी बोलते.

३. भावाला त्या फायलीची नक्कल, कापडी बांधणीत. गेल्या महिन्यात दारात येऊन म्हणाला, "ताई, तुझ्या भल्यासाठीच केलं गं." मी दार लावून घेतले. घरातला चमचाही त्याला मिळू नये. माझे सगळे उरकल्यावर त्याला कळवावे, साध्या टपालाने.

४. मोठे डॉक्टर हल्ली रुग्णांच्या हक्कांवर भाषणे देतात. माझ्या शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. आलेच तर मागे उभे राहावे.

रुग्णालयात प्रत्येक कागदावर माझा अंगठा धरून टेकवला गेला, मला लिहिता येत असून. खालची सही मी माझ्या हाताने, पूर्ण नावाने करत आहे.

(सही)

साक्षीदार: डॉक्टरबाई (सही), शेजारचे चष्मेवाले (सही)
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १९ नोव्हेंबर, दुपारी तीन