जामिनाचे क्रियापद

रोमचे बंदर ओस्टिया, ३ मार्च
मेहुणे कोमिनियुस स्नानगृहात सांगत फिरतात की, जामिनाचे वचन न घेताच मी धान्यवाल्याला साठ हजार सेस्टर्स 'दिले'. साफ चूक. एक तर 'कर्जाऊ दिले'. दुसरे, तेलाचा व्यापारी मुस्टियुस जामीन म्हणून पेढीवर आला होता. रीतीप्रमाणे मी साक्षीदारांसमोर विचारले, "त्याने न दिल्यास तू देशील का?" जामिनाने त्याच क्रियापदाने उत्तर दिले की वचन बांधले जाते. हा म्हणाला, "दीन की!" असले रूप माझ्या पेढीवर चालत नाही. मी बजावले, "चूक! 'देईन'." तो म्हणाला, "बरं बरं, तसं." व्यवहार निर्दोष झाला.

९ मार्च
धान्यवाला गलबतात बसून पसार. चिंता नाही. जामीन भक्कम आहे.

१० मार्च
मुस्टियुसकडे स्वतः गेलो. दात काढून म्हणतो कसा, "काका, 'देईन' मी कुठं म्हणालो? तुम्हीच म्हणालात. मग द्या की!"
खटला भरणार. संकल्प: न्यायाधीशाच्या चुका चारचौघांत काढायच्या नाहीत.

१४ मार्च
काढाव्या लागल्या. दोनच.
न्यायाधीश म्हणाले, "आजोबा, 'दीन'वरसुद्धा भागलं असतं हो. ते चूक तुम्हीच ठरवलंत. त्यानंतर तो काय म्हणाला? 'बरं बरं'!"
साक्षीदार हसले. निकाल विरुद्ध गेला. निकालपत्राच्या दुसऱ्याच ओळीत विभक्ती चुकलेली आहे. सबब मी तो मानीत नाही.

१६ मार्च, सकाळी
पेढीपुढे ठेवीदारांची रांग. माझ्यावरील विश्वास व्यक्त करण्यास आले असावेत.

त्याच दिवशी, रात्री
पत्नी सेसेनिया म्हणाली, "अहो, ठेवी परत मागताहेत ते! एकदा तरी गोड बोला, शुद्ध बोलणं राहू द्या." मी शुद्धच बोललो. संध्याकाळपर्यंत तिजोरी मोकळी झाली. स्वच्छ दिसते.

२ एप्रिल
कोमिनियुस आता तारखाही चुकवू लागले आहेत. सेसेनियाला म्हणाले, "ताई, दाजींची पेढी बुडाली गं!" नोंद शुद्ध करून ठेवतो:
२० मार्च (१८ नव्हे): पेढी बुडाली नाही. मी बंद केली.
२८ मार्च (२५ नव्हे): घरातील चांदीची भांडी गेली नाहीत. मी पाठवली.
१ एप्रिल (३१ मार्च नव्हे): पेढीचे मेज मुस्टियुसला विकले गेले नाही. मी विकले. कर्ता मी, किंमत त्याने ठरवलेली.