उन्हात राहिलेलं कार्ड

बुधवार, १४ मे. भोसरी

आज कंपनीच्या पेंट शॉपमध्ये शेड जुळवायचा मास्टर पॅनेल कपाटातून काढला आणि हात थांबला. रंग उडू नये म्हणून तो आम्ही अंधारात ठेवतो. आणि मालवणात काकाला प्रवाळ तपासायला निरोगी रंग छापून मीच दिलेलं कार्ड? ते वर्षभर होडीत, उन्हात.

काका दर महिन्याला बुडी मारून कार्ड प्रवाळाशेजारी धरतो, फोटो पाठवतो. "जुळता रे, बरा आसा." मी तक्त्यात 'निरोगी' लिहितो.

घरी आल्यावर माझ्याकडचं न वापरलेलं कार्ड गेल्या महिन्याच्या फोटोशेजारी धरलं. फोटोतल्या कार्डाला हे कार्डच जुळेना. म्हणजे प्रवाळ आजारी होऊन फिकं पडत होतं आणि सोबत उन्हाने कार्डही. रोज रंग जुळवायचंच काम करतो मी.

काकाचा फोन वाजतोय. याही महिन्यात जुळलं असणार.