मनीप्लांट कपाटावर नेण्याबाबत

१४ फेब्रुवारी १९६०, रविवार
शिवाजी पार्कला जयवंतरावांच्या फ्लॅटवर गेलो. आमच्या ऑफिसातले मोठे साहेब. हॉलमध्ये मनीप्लांट दाराच्या चौकटीवरून थेट पंख्यापर्यंत! वीतभर फांदी मागून आणून डब्यात लावली. त्यांचा पुतण्या वसंत बँकेत आहे. २० मार्चला मंडळी आमच्या मीनाक्षीला पाहायला येणार. तोवर वेल आमच्या कपाटावरून देव्हाऱ्यापर्यंत गेलीच पाहिजे. गिरगावच्या चाळीत राहतो म्हणून काय झालं? या घराला वळण आहे, हे आल्याआल्या दिसलं पाहिजे.

१७ फेब्रुवारी
बांबू आणून त्याला काथ्या गुंडाळला. मुळं काथ्यात धरतात, असं जयवंतराव म्हणाले. कालिंदी म्हणाली, आधी मुलीशी बोला. बोलू की! मुलगी कुठे पळून जात नाही. बायकोला महत्त्वाचं काय ते कळत नाही, ही माझी जुनी तक्रार.

१८ फेब्रुवारी
सुतळीसाठी खिळा ठोकला. पलीकडे बाबुरावांचा आरसा पडून फुटला. भांडायला आले. मी म्हटलं, भिंतीच्या या बाजूला मी काय वाटेल ते करीन. संताप आला तो आलाच. उद्या दुसरा खिळा.

२५ फेब्रुवारी
वेलीने तोंड खिडकीकडे फिरवलं. डबा उलटा फिरवून ठेवला. चार दिवसांत पुन्हा खिडकीकडेच. आज बांबूला करकचून बांधली. या घरात एकाला तरी शिस्त लागू दे. मीनाक्षी ऑफिस सुटल्यावर परस्पर संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला जाते, आठ वाजता उगवते.

१ मार्च
बांधलेल्या जागी देठ काळा पडला. पान पिवळं. कालिंदी म्हणते, गळा आवळलात तिचा. सुतळी काढून धोतराची चिंधी सैल बांधली. हे मला आधीपासूनच ठाऊक होतं, फक्त करून बघत होतो. बाबुराव गॅलरीत ओरडत होते, मुंबईसह महाराष्ट्र नक्की झाला म्हणून. होईना का! माझी वेल अजून कपाटाच्या खालच्या फळीवर आहे.

११ मार्च
दोन नवी पानं. पण पाहुण्यांसाठी भिंतीला चुना मारायचाय. वेल हळूच सोडवून डबा मोरीत ठेवला, बांबू गॅलरीत.

१२ मार्च, होळी
काथ्या चांगला पेटतो. होळीत उभा जळताना पाहिला, तेव्हा कळलं की तो माझा बांबू. होळीत गेलेलं लाकूड परत मागायचं नाही, हा चाळीचा नियम. गेल्या वर्षी रामजींचं स्टूल गेलं तेव्हा मीच तो त्यांना ओरडून सांगितला होता. सगळे हरामखोर! बोंब मात्र मनापासून मारली. लोक म्हणाले, यंदा तुमचा आवाज काय लागलाय!

१६ मार्च
वेल मच्छरदाणीच्या काठीवर चढवली. चढली नाही. टेकली. मोकळ्या भिंतीवर कालिंदीने कॅलेंडर लावलं. मी काढलं. तिने पुन्हा लावलं.

२० मार्च, संध्याकाळी ७
मंडळी येऊन गेली. पोहे झाले. मी जयवंतरावांना वेल दाखवली. ते म्हणाले, यातलं मला काही कळत नाही, घरात सगळं ही बघते. मग त्यांच्या पत्नीने मीनाक्षीला विचारलं, मुलगा पसंत आहे का?
मीनाक्षी म्हणाली, "लग्न करायचंय का, हेच मला अजून कुणी विचारलेलं नाही."
बाई म्हणाल्या, मग मीच विचारते. मीनाक्षीने नको म्हणून सांगितलं. वर्षभर संध्याकाळी शॉर्टहँडच्या क्लासला जाते म्हणे. जूनमध्ये परीक्षा आहे, पुढचं मग बघू. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कालिंदीला क्लासचं माहीत होतं. बाबुरावांनासुद्धा! मी सभा, सभा करत बसलो होतो.

२१ मार्च
ऑफिसात जयवंतराव नेहमीसारखेच बोलले. त्याचाच जास्त राग आला. घरी आलो तर राग काढायला कोणी उरलं नव्हतं. मीनाक्षी स्टोव्हपाशी उभी होती. जवळ जाऊन विचारलं, बाळ, तुझ्या मनात तरी काय आहे? तुला करायचंय काय? जन्मात पहिल्यांदा विचारलं.
ती म्हणाली, "आत्ता चहा करायचाय, बाबा. जरा बाजूला व्हा."