वहीचं शेवटचं पान

आई,
तुला आणि तुझ्या शिलाई मशीनला नमस्कार.

आधी सांगितलं असतं तर दुकान बंद करून धावत आली असतीस, म्हणून आता सांगते. दहा दिवसांपूर्वी मी छाती लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. छान आहे मी. डॉक्टरीणबाईंनी पर्याय, धोके, राहणारे व्रण, सगळं आधीच समजावलं होतं. खांदे आता भरून येत नाहीत. डावीकडे जरा बधिरपणा आहे, पण बहुतेक जाईल म्हणतात.

हात वर करायला मनाई आहे, म्हणून खोलीतली मैत्रीण वेणी घालते. ओढते गं फार! तुझा हात आठवतो.

दुकानही आठवतं. बाकीच्या बायकांची मापं तू मोठ्याने सांगायचीस आणि मावशी वहीत लिहायची. माझं माप मात्र तू स्वतः, गुपचूप, शेवटच्या पानावर लिहायचीस. मला लाज वाटू नये म्हणून. तेव्हापासूनच वाटायला लागली बघ.

तुझा गुडघा कसा आहे?

सूज पुरती उतरायला काही महिने लागतील, तोवर माझ्यासाठी कापड कापू नकोस. मी आले की माप घे, आणि आकडा काहीही येवो, मावशीला ऐकू जाईल असा सांग.

तुझी,
धाकटी